आतला वॉचमन

सकाळी सात वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर जे मांडलेलं असतं, त्याला नाश्ता म्हणता येणार नाही. ती औषधांच्या दुकानाची शाखा असते. डावीकडून पाहत गेलात तर आधी काढ्याचा थर्मास, मग च्यवनप्राशची बरणी, आवळ्याचा रस, गुळवेलीच्या गोळ्या, पाण्यात टाकली की फसफसणारी क जीवनसत्त्वाची चकती, जस्ताची गोळी, आणि शेवटी जागा उरलीच तर पोहे.

गेल्या महिन्यात आत्या राहायला आली. आत्या ८४ वर्षांची. पेठेतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. इमारतीला लिफ्ट नाही आणि आत्याला त्याचं काही वाटत नाही. तिनं पदरानं चष्मा पुसला, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि माझ्या बायकोला विचारलं, "काय गं, कधीपासून आजारी आहे हा?"

"आजारी नाहीत आत्या. आजारी पडू नये म्हणून घेतात."

"अगंबाई! म्हणजे भांडण व्हायच्या आधीच माफी मागून ठेवायची?"

एवढं बोलून तिनं पोह्यांची ताटली आपल्याकडे ओढली. मी शिंकलो. उत्तर द्यायचं होतं, पण शिंका सलग सात आल्या.

माझं खरं दुखणं इथंच आहे. मी ५८ वर्षांचा. रोज सात-आठ गोष्टी पोटात ढकलतो आणि ऋतू बदलला की सर्दी मला हजेरी लावल्यासारखी गाठते. आत्या रक्तदाबाची एक गोळी घेते, तीही डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून. आणि तिच्या नाकाला रुमाल लागलेला मी पाहिला आहे तो फक्त मुलींच्या पाठवणीत.

आमच्या घरात पूर्वी 'इम्युनिटी' हा शब्द नव्हता. मूल 'काटक' असायचं, नाहीतर 'तोळामासा' असायचं. काटक मुलाला अंगणात सोडायचे, तोळामासा मुलाला स्वेटर घालून सोडायचे. वैद्यकशास्त्र तिथं संपायचं. मग २०२० साल आलं. आयुष मंत्रालयानं तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितला, सोबत हळदीचं दूध आणि चमचाभर च्यवनप्राश. आयुष्यात पहिल्यांदाच मी सरकारी सूचना मनापासून पाळली. इतकी मनापासून, की काढा चार वेळा घेऊ लागलो. विषाणू काही आमच्या दारी आला नाही, पण पित्त आलं आणि चांगलं तीन महिने मुक्कामाला राहिलं. बाजारात तर मिठाईपासून शर्टाच्या कापडापर्यंत जे ते प्रतिकारशक्ती वाढवू लागलं. ज्या मिठाईनं साखर वाढते तीच शक्तीही वाढवते हे वाचून आमच्या मधुमेही मेहुण्यांना गहिवरून आलं होतं.

फसफसणाऱ्या चकतीचा इतिहास त्याहून जुना आणि भारदस्त आहे. लायनस पॉलिंग हा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला माणूस, एक रसायनशास्त्राचं आणि एक शांततेचं. त्यानं १९७० साली पुस्तक लिहून जगाला सांगितलं, की क जीवनसत्त्व भरपूर घ्या, सर्दी पळेल. दोन नोबेलवाल्याला कोण विचारणार, "नक्की का?" पुढं अनेक वर्षं, हजारो लोकांवर चाचण्या झाल्या. त्यांचं सार असं निघालं, की सर्वसाधारण माणसानं ते रोज घेतलं तरी सर्दी व्हायची तेवढी होतेच. मोठ्या माणसांत तिचा मुक्काम सुमारे आठ टक्क्यांनी कमी होतो, इतकंच. आपल्याकडे म्हणतात ना, सर्दी औषध घेतलं तर सात दिवसांत जाते आणि नाही घेतलं तर आठवड्यानं? त्यात आता सुधारणा करायची: चकती घेतली तर साडेसहा दिवसांत. म्हणजे वर्षभर रोज चकती फसफसवून माझ्या पदरात काय पडतं, तर प्रत्येक सर्दीमागे एक दुपार.

मी आमच्या डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, "प्रतिकारशक्ती वाढवायला अजून काय घेऊ?"

ते म्हणाले, "तुमची वाढलेलीच आहे. म्हणून तर शिंकताय."

हे मला नवीन होतं. धूळ काही शत्रू नाही. ती बिचारी खिडकीतून येते, कपाटावर बसते. पण माझ्या नाकातल्या पहारेकऱ्यांना ती दरोडेखोर वाटते आणि ते लाठीमार सुरू करतात. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. हेच पहारेकरी घरच्याच माणसांवर उलटले की संधिवातासारखे दीर्घ आजार जडतात. म्हणजे ही शक्ती पाण्याच्या टाकीसारखी काठोकाठ भरून ठेवायची वस्तू नव्हे. ती आमटीतल्या मिठासारखी आहे. कमी चालत नाही आणि 'बूस्ट' केलेली तर मुळीच चालत नाही.

या पहारेकऱ्यांचा शोध ज्यानं लावला त्या इल्या मेचनिकॉव्हची गोष्ट मला फार आवडते. १८८२ साली तो सिसिलीत मेसिनाला राहत होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली आणि हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी बसला. तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमधल्या हलत्या पेशी बघताना त्याच्या मनात आलं, की या पेशी शरीरात घुसलेल्याचा समाचार घेत असतील का? तो बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांना टोचले. सकाळी पाहतो तर पेशींनी काट्याला घेराव घातलेला! पुढं १९०८ साली त्याला नोबेल मिळालं. पण मला आवडतो तो मधला तपशील: निकाल काय लागेल या उत्सुकतेनं त्याला त्या रात्री झोप लागली नाही. प्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा जन्मच असा जाग्रणातून झालेला.

हाच मेचनिकॉव्ह पुढं म्हातारपणाच्या मागं लागला. आंबवलेल्या दुधानं आयुष्य वाढतं, बल्गेरियातले शेतकरी त्यामुळेच दीर्घायुषी होतात, असं त्याचं मत झालं आणि तो स्वतःही ते नेमानं घेऊ लागला. युरोपात दह्याची लाट आली. मी हे आत्याला मोठ्या कौतुकानं सांगितलं, कारण तिचं जेवण ताकाशिवाय पुरं होत नाही.

"मग किती जगला?"

"७१."

"ताक आंबट झालं असेल," आत्या म्हणाली आणि कढी ढवळू लागली.

आता म्हातारपणी या पहारेकऱ्यांचं काय होतं ते सांगतो. त्यासाठी आमच्या सोसायटीचा जुना वॉचमन डोळ्यांसमोर आणावा लागेल. तरुणपणी तो वाघ होता. भिंतीवरून मांजर उतरलं तरी टॉर्च मारायचा. पण तीस वर्षांनी असं झालं, की जुनी माणसं त्याला चोख ठाऊक होती. दूधवाला, पेपरवाला, माझे मेहुणे अंधारातही चुकायचे नाहीत. नव्या माणसाचं मात्र त्याला काही कळेनासं झालं. एकदा एक गृहस्थ टापटीप गणवेशात आला, "वरचा टीव्ही दुरुस्तीला नेतोय" म्हणाला, आणि आमच्या वॉचमननं त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं. तो टीव्ही अजून दुरुस्त होतो आहे. आणि गंमत म्हणजे ज्या रात्री चोर नसायचा, त्या प्रत्येक रात्री हा शिट्ट्या फुंकून, काठी आपटून सगळ्या सोसायटीला जागं ठेवायचा.

वयस्क शरीरात नेमकं हेच घडतं. नवा जंतू आला की पहारा सुस्त, आणि एरवी बारीक धुसफुस अखंड चालू. ही मंद दाहाची धुसफुस हृदयविकारापासून मधुमेहापर्यंत अनेक दुखण्यांशी जोडलेली आहे. क्लाउडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञानं २००० साली तिला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. मराठीत त्यासाठी 'कुरकुर' हा शब्द तयार आहे. पोटावरची चरबी या कुरकुरीला खतपाणी घालते, सिगारेट-तंबाखू तर तेल ओतते. पोटाचा घेर सांभाळणं हा दिसण्याचा प्रश्न नसून शिट्ट्या कमी करण्याचा आहे, हे मला पँट शिवायला टाकताना कुणी सांगितलं नव्हतं.

नव्या चोराला ओळखणं बंद का होतं, त्याचंही कारण आहे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. ती टी-पेशींची शाळा. आपला कोण, परका कोण हे तिथं शिकवतात आणि परीक्षा इतकी कडक, की शंभरातले जेमतेम दोन-चार पास होतात. बाकीच्यांना पुरवणी परीक्षा नाही, थेट श्राद्धच. ही शाळा बालपणी जोरात चालते. वयात आल्यावर पट घसरतो, तुकड्या बंद पडू लागतात आणि हळूहळू तिथं चरबी भरते. थोडक्यात, मराठी शाळेचं मंगल कार्यालय होतं. इमारत तीच, आत नुसतं तूप.

एवढं कळल्यावर घाबरून मी चालायला लागलो.

माझं चालणं असं: घरापासून टेकडी दीड किलोमीटरवर आहे. तेवढं अंतर मी स्कूटरनं जातो, कारण पायी गेलं तर चालायला उशीर होतो. पायथ्याशी जागा मिळत नाही, म्हणून स्कूटरवरूनच दोन फेऱ्या होतात. मग वर जाऊन मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं भरेपर्यंत चालतो. न भरल्यास रात्री अकरा वाजता दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा बायकोला हळूच विचारलं, "कसली काळजी लागलीय का यांना?"

हा दहा हजारांचा आकडा मला कुठल्या तरी मोठ्या इस्पितळातून आलेला वाटायचा. तो आला जपानमधून. टोकियो ऑलिम्पिक झाल्यावर १९६५ साली तिथं पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच मुळी 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. विकायला आकडा गोंडस, म्हणून साठ वर्षं आपण त्याच्यामागं धावतोय. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त बायकांची पावलं मोजली, तेव्हा दिसलं की दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक पडत नव्हता. मी रोज रात्री खालच्या आजोबांच्या डोक्यावर घालत होतो ती वरची अडीच हजार.

पण चालण्याला, हालण्याला अर्थ आहेच. २०१८ साली इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंचं रक्त तपासलं. त्यांच्या थायमसमधून नव्या टी-पेशी जवळपास तरुणांइतक्याच बाहेर पडत होत्या. मंगल कार्यालयात अजून वर्ग भरत होते! मात्र ही मंडळी आयुष्यभर सायकल चालवणारी होती. साठीच्या वाढदिवसाला नातवानं भेट दिलेली सायकल गॅलरीत उभी करून तिच्यावर टॉवेल वाळत घालणारी नव्हेत.

आणि मी हे कुठं बसून लिहितोय? कर्वेनगरात! धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला, शंभराहून अधिक मैल, सह्याद्री ओलांडून पायी गेले; आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. पुढं फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत ते हिंगण्याच्या आश्रमात जात. त्या हिंगण्याचंच आज कर्वेनगर झालं. अण्णा कर्वे १०४ वर्षं जगले. त्यांच्या वाटेवर आज मी रिक्षात बसून सिग्नल सुटायची वाट बघतो आणि घड्याळ मला सांगतं, 'उठा, जरा हालचाल करा.'

घड्याळाची दुसरी कामगिरी झोपेची. ते माझ्या झोपेला गुण देतं. परवा ५४ पडले. शाळेत गणितात मला कधी एवढे पडले नव्हते, तरी काळजी वाटली. तेव्हापासून गुण किती झाले ते बघायला मी रात्री दोनदा उठतो. त्याआधी 'लवकर झोपण्याचे फायदे' या विषयावरचे व्हिडिओ साडेबारापर्यंत बघून झालेले असतात. आत्यानं पहिल्याच रात्री पाहिलं.

"घड्याळ बांधून झोपतोस? कुठं जायचंय?"

या प्रश्नाला विज्ञानाकडेही उत्तर नाही. उलट विज्ञान तिच्याच बाजूचं. २०१५ साली अमेरिकेत १६४ धडधाकट माणसांची झोप आठवडाभर मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना एका हॉटेलात कोंडून ठेवलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सातपेक्षा जास्त तास झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. त्याच्याही आधी, २००२ च्या एका प्रयोगात, काही तरुणांना चार-पाच रात्री चारच तास झोपू देऊन फ्लूची लस टोचली; दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं नीट झोपलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. दिवसभर पहारा करणाऱ्याला रात्री दोन घास झोप द्यावी, हे सोसायटीच्या सभेत कुणालाही पटतं. स्वतःच्या वॉचमनला मात्र आपण रात्री एक वाजता फोनच्या उजेडात उभं करतो.

आत्या साडेनऊला आडवी होते. तिला झोपेचे फायदे ठाऊक नाहीत. तिला झोप येते.

आता राहिलं भांडण. आत्या भांडखोर आहे हे मी प्रेमानं नमूद करतो. दूधवाल्याशी पाण्यावरून, भाजीवालीशी मेथीच्या मुळांवरून, भजनी मंडळात पट्टीवरून, भिशीत चिठ्ठीवरून. मला वाटायचं, एवढ्या कटकटीनं हिचा रक्तदाब वाढतो. मग शेल्डन कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग वाचनात आले. यानं आपली सारी हयात लोकांच्या नाकात सर्दीचे थेंब घालण्यात घालवली. १९९७ साली त्यानं २७६ जणांना आधी विचारलं, की तुमची नाती किती प्रकारची? जोडीदार, मुलं, शेजारी, मित्र, सहकारी, देवळातली मंडळी वगैरे. ज्यांची नाती तीन किंवा त्याहून कमी प्रकारची होती, त्यांना सर्दीचा धोका सहा किंवा जास्त प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपट. पुढच्या वर्षी त्यानं ताणाचा हिशेब मांडला. त्यात ज्या ताणानं महिन्याहून जास्त ठाण मांडलं, तोच सर्दीला बोलावणं धाडत होता. लवकर संपलेला ताण नव्हे.

इथं मला लख्ख प्रकाश पडला. आत्याचं भांडण सकाळी सहाला सुरू होतं आणि दुपारी त्याच दूधवाल्याच्या पोरीला ती लाडू देते. तिचं कुठलंच भांडण शिळं होत नाही. माझी रीत निराळी. मी कुणाशी भांडत नाही. शेजारचे गृहस्थ पार्किंगच्या पांढऱ्या रेषेवर गाडीचं चाक चार बोटं आत घालतात. त्यावर मी दोन वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही. फक्त त्यांना पाहिलं की लिफ्ट सोडून देतो आणि घरी आल्यावर काढा घेतो.

न्यायानं हेही सांगायला हवं, की आत्या म्हणजे पुरावा नव्हे. तिचे दोन्ही भाऊ तिच्यासारखेच चालायचे, ताक प्यायचे, लवकर झोपायचे, आणि सत्तरीच्या आत गेले. त्यातले एक माझे वडील. मी एकदा तिला विचारलं होतं, तुझं रहस्य काय. ती म्हणाली, "रहस्य कसलं? माझा नंबर आला नाही अजून." चांगल्या सवयींनी नंबर मागं जाण्याची शक्यता वाढते. पावती कुणी देत नाही.

डॉक्टरांनी शेवटी मला दोनच गोष्टी सांगितल्या: थोडं जास्त झोपा आणि दरवर्षी फ्लूची लस घ्या. मी आत्यालाही सोबत नेलं. आदल्या रात्री तिनं घड्याळ काढून स्वतःच्या पिशवीत ठेवलं होतं. मी सात तास झोपलो, किती गुण पडले ते कळलं नाही. सकाळी दोघांनी दंड पुढं केले. संध्याकाळी मला शंभर ताप, अंग मोडून आलं. आत्या चकल्यांची भाजणी भाजत होती.

मी पांघरुणातून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काळजी नको. तरुण शरीर जास्त आरडाओरडा करतं. त्यांचा वॉचमन जरा सावकाश उठतो. याचा अर्थ त्यांना लस लागू पडली नाही, असा मात्र नाही."

तरुण शरीर! कित्येक वर्षांत हा शब्द माझ्या बाबतीत कुणी वापरला नव्हता. मी तो आत्यापासून लपवून ठेवला. तसंही तिला ऐकायला सवड नव्हती. ती माझ्या उशाशी बसून माझ्याच फोनवरून सगळ्या गावाला कळवत होती, की एका सुईनं भाचा लोळवला. तिला 'शेजारी' या नावानं साठवलेला नंबर सापडला. माझ्या भांडणाची तिला कल्पना नव्हती. कशी असणार? ते झालंच नव्हतं.

अर्ध्या तासात दारात शेजारी उभे. हातात डझनभर मोसंबी. खुर्चीच्या टोकावर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "गाडी जरा मागं घेतलीय. बरेच दिवस म्हणत होतो." मग मी काय बोललो ते आठवत नाही, ताप होता.

आत्यानं सुरी घेऊन मोसंबी सोलायला सुरुवात केली.

"यात ते तुझं क असतं ना रे?"

"असतं. पण त्यानं फक्त साडेसहा दिवस..."

"मग खा गुपचूप," ती म्हणाली, "आणि अर्धं त्यांना दे."